नात 'फाइस्टी' आहे म्हणजे नक्की कशी आहे?

गेल्या महिन्यात इंदूरहून एका वाचक आजोबांचा मेल आला. नातीचं तिसरीचं प्रगतिपुस्तक घरी आलं होतं. मार्क चांगले, हजेरी चांगली, हस्ताक्षर 'सुधारायला वाव'. आणि सगळ्यात खाली वर्गशिक्षिकेच्या हातचा शेरा: 'अ फाइस्टी लिटल गर्ल.'

बस, एवढंच. पुढे-मागे काही नाही. मुलीच्या बाबांनी फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये शब्द टाकला, तर उत्तर आलं 'चिडखोर'. आईने दुसरीकडे शोधलं, तर तिथे 'उत्साही, धाडसी'. आजींना वाटलं, फीस्टचं काहीतरी असेल, पोरगी डबा रोज संपवते म्हणून बाईंनी कौतुक केलं असेल. रात्रीच्या जेवणापर्यंत घरात तीन पक्ष पडले. बाबा म्हणत होते, तिला समज द्यायला हवी. आई म्हणत होती, पेढे आणा. "तुम्ही इंग्रजी शिकलेल्या आहात, तेव्हा निकाल तुम्हीच द्या," असं आजोबांनी लिहिलं होतं आणि खाली आणखी एक ओळ होती: "शनिवारी पालकसभा आहे, त्याआधी दिलात तर बरं होईल."

शनिवारच्या आधी मी त्यांना चार ओळींत उत्तर पाठवलं. पण हा शब्द चार ओळींत मावणारा नाही, म्हणून आज सविस्तर.

आधी उच्चार उरकून घेऊ. स्पेलिंग एफ, ई, आय, एस, टी, वाय. त्यामुळे बरेच जण 'फीस्टी' वाचतात, काही 'फिस्टी'. दोन्ही चूक. उंची या अर्थाच्या 'हाइट' शब्दात ई-आयचा उच्चार जसा होतो, तसाच इथे. फाइस्टी. जेवणावळीच्या फीस्टशी याचा काही संबंध नाही (आजी, सॉरी), आणि भांडणाचा वास येत असला तरी मूठ या अर्थाच्या फिस्टशीही नाही.

आता अर्थ. बाबांच्या अ‍ॅपने सांगितलेला अर्थ चूक नव्हता आणि आईने शोधलेलाही चूक नव्हता. गंमत तीच आहे. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन शब्दकोश उघडलात तर फाइस्टीचे दोन चेहरे शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे चुळबुळ्या, चटकन बिथरणारा, भांडायला टपलेला. दुसरीकडे चैतन्याने भरलेला, समोरच्याला भिडणारा, हार न मानणारा. पहिला अर्थ मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलीतला आहे. दुसरा आता जगभर चालतो, आणि आज कोणी सहज बोलताना फाइस्टी म्हणालं तर दहातल्या नऊ वेळा तो दुसराच अर्थ असतो, म्हणजे कौतुक.

मग प्रश्न मिटला की. नाही मिटला. कारण हे कौतुक जरा विचित्र आहे, आणि त्याचं कारण शब्दाच्या जन्मात आहे.

स्वभावातला जोर सांगणारे इंग्रजी शब्द कुठून आले ते पाहिलं, तर एक सुंदर गोष्ट दिसते. 'स्पिरिटेड' घ्या. स्पिरिट लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ श्वास. आपण म्हणतो ना, 'त्याच्यात दम आहे'? दम हा फारसीतून आलेला शब्द, त्याचाही मूळ अर्थ श्वासच.

'प्लकी' घ्या. प्लक म्हणजे खाटकाने जनावराच्या पोटातून ओढून काढलेला ऐवज: काळीज, यकृत, फुप्फुसं. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमधल्या मुष्टियुद्धाच्या बोलीत प्लक म्हणजे हिंमत झाली. आणि आपला 'जिगरबाज'? जिगर म्हणजे फारसीत यकृत. लंडनच्या खाटकाने आणि इराणच्या कवीने एकमेकांना न विचारता हिंमत शरीराच्या जवळपास एकाच कप्प्यात नेऊन ठेवली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत एकटीच हसले होते.

आणि 'मेटल्सम'. हा शब्द आता जुनाट झाला आहे, बहुतेक वेळा घोड्यांसाठी वापरला गेला. त्यातलं 'मेटल', स्पेलिंग डबल टी, म्हणजे धमक. पण मुळात ते धातू या अर्थाच्या मेटलचंच वेगळं स्पेलिंग होतं. माणूस कोणत्या धातूचा बनला आहे, तो त्याचा मेटल. आता आपल्याकडे या. तलवार तापवून बुडवतात त्याला 'पाणी देणं' म्हणतात, आणि चांगला घोडा 'पाणीदार' असतो. मेटल्समला याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही.

श्वास, काळीज, पोलाद. तालेवार घराण्यातले शब्द आहेत हे. आणि फाइस्टी?

फाइस्टी आला आहे पादण्यातून.

हो, बरोबर वाचलंत. लहान मुलं शेजारी बसून वाचत असतील तर ती आता या लेखाची कायमची वाचक झाली. मध्ययुगीन इंग्रजीत 'फिस्टेन' असं एक क्रियापद होतं, अर्थ वारा सोडणे. त्यावरून सोळाव्या शतकात घरातल्या लहानशा, वास मारणाऱ्या कुत्र्याला 'फिस्टिंग कर' म्हणायला लागले. कर म्हणजे भुक्कड कुत्रं. पुढे त्यातलं 'कर' गळालं आणि अमेरिकेत नुसतं 'फाइस्ट' किंवा 'फाइस' उरलं. अर्थ, छोटं कुत्रं. १८११ साली लंडनमध्ये छापलेल्या बोली शब्दांच्या एका कोशात तर 'फाइस'चा अर्थ मोठा मिश्किल दिला आहे: असा वारा, जो कानापेक्षा नाकाला जास्त कळतो आणि ज्याचं खापर म्हाताऱ्या बायका मांडीवरच्या कुत्र्यावर फोडतात.

पुढे या फाइस्ट कुत्र्याला वाय जोडून विशेषण झालं, फाइस्टी. छापील नोंदीत ते १८९६ पासून दिसतं. म्हणजे शब्द सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्याच्या पोटात एक कुत्रं बसलेलं आहे.

ते कुत्रं कसं असतं, हे माहीत असेल तर शब्द आपोआप कळतो. अमेरिकेच्या दक्षिणेत आजही फाइस्ट पाळतात, खारींच्या शिकारीसाठी. अंगाने लहान, पायात भिंगरी, खार झाडावर चढली की खालून भुंकून भुंकून शिकाऱ्याला बोलावणार. समोर काय आहे, किती मोठं आहे, याचा हिशेब ते करत नाही. आपल्या गल्लीतही असं एक असतंच. ट्रक आला की सगळी मोठी कुत्री बाजूला होतात आणि एक वीतभर पिल्लू टायरच्या मागे धावतं. ते फाइस्टी.

आता त्या धावण्याकडे दोन प्रकारे बघता येतं, आणि अमेरिकन साहित्यात दोन्ही प्रकार सापडतात. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या बऱ्याच आधी, १८४६ च्या सुमारास, कविता लिहायचे. 'द बेअर हंट' नावाची त्यांची एक कविता आहे, अस्वलाच्या शिकारीची. कुत्री धावतात, घोडेस्वार धावतात, अस्वल शेवटपर्यंत झुंजतं आणि मरतं. मग कातडं कोणाचं यावर शिकाऱ्यांचा वाद सुरू होतो. तेवढ्यात शर्यतीत पार मागे राहिलेलं एक फाइस धापा टाकत पोचतं, मेलेल्या अस्वलावर गुरगुरतं, त्याला दातात धरून हिसडतं आणि जणू आपणच मारलं अशा थाटात मिरवतं. लिंकन त्याच्यावर मनसोक्त हसले आहेत. अशी माणसंही असतात, हे त्यांना सांगायचं होतं.

आणि मग १९४२ साली आलेलं विल्यम फॉकनरचं 'गो डाउन, मोझेस'. त्यातल्या 'द बेअर' या कथेतही अस्वल आहे, प्रचंड, म्हातारं, सगळ्या शिकाऱ्यांना पुरून उरलेलं. आणि त्यातही एक फाइस आहे, पण ते मेलेल्या अस्वलावर गुरगुरत नाही. ते जिवंत अस्वलाच्या अंगावर धावून जातं, एकटं. बरोबरचा मुलगा हातातली बंदूक टाकून त्या कुत्र्याला वाचवायला धावतो आणि त्याला उचलताना स्वतः अस्वलाच्या अगदी पुढ्यात येतो. फॉकनरला त्या कुत्र्याचं हसू येत नाही. त्याला ते शौर्य वाटतं, कदाचित पूर्ण कथेतलं सगळ्यात निखळ शौर्य.

शंभर वर्षांच्या आत तेच कुत्रं, तेच अस्वल, आणि बघण्यात एवढा फरक. इंदूरच्या त्या घरात बाबा लिंकनच्या बाजूला होते आणि आई फॉकनरच्या, फक्त दोघांना ते माहीत नव्हतं.

पण दोन्ही गोष्टींत एक गोष्ट बदलत नाही. कुत्रं लहान आहे. अस्वल मोठं आहे. हा फरक काढून टाकला की फाइस्टी शब्द उभाच राहत नाही. वाघ कधी फाइस्टी नसतो. सहा फुटी कर्नल साहेब फाइस्टी नसतात. पण तेच साहेब नव्वदीला आले, काठी टेकत बँकेत गेले आणि पेन्शनच्या खिडकीवर त्यांनी आवाज चढवला, की इंग्रजी वर्तमानपत्र त्यांना हमखास फाइस्टी म्हणेल. क्रिकेटमध्ये अव्वल संघ फाइस्टी नसतो, त्याला शेवटच्या षटकापर्यंत झुंजवणारा तळाचा संघ असतो. काही इंग्रजी शब्दकोश तर अर्थ देतानाच 'विशेषतः अंगाने लहान व्यक्तीबद्दल' अशी पुस्ती जोडतात. (काका, तुमचा मेलसुद्धा चांगलाच फाइस्टी होता, हे जाता जाता सांगते.)

एक अपवाद आहे. सामना किंवा वादविवाद यांना फाइस्टी म्हटलं की त्यात लहान-मोठं नसतं. 'अ फाइस्टी मॅच' म्हणजे खडाजंगी झालेला, ढकलाढकलीचा सामना. तिथे तो पहिला, भांडखोर अर्थ अजून जिवंत आहे.

तर फाइस्टी हे असं कौतुक आहे, ज्यात माप घेतलेलं असतं. 'केवढीशी आहे, पण काय भिडते!' यातलं 'केवढीशी' त्या शब्दात आधीच बसलेलं असतं. मुलांबद्दल बोलताना त्यात काही वावगं नाही, मुलं केवढीशीच असतात. अडचण मोठ्या माणसांच्या वेळी होते, आणि हे मला माझ्याच चुकीतून कळलं.

माझ्या पहिल्या नोकरीत, पहिल्याच वर्षी, एकाच महिन्यात दोन वरिष्ठ निवृत्त होणार होते. एक सर, एक मॅडम. दोघांसाठी निरोपाच्या कार्डावरचा इंग्रजी मजकूर लिहायचं काम इंग्रजीवाली म्हणून माझ्याकडे आलं. दोघेही स्पष्टवक्ते. दोघांनीही वरच्यांशी वाद घातलेले. सरांच्या कार्डावर मी लिहिलं 'फर्म अँड प्रिन्सिपल्ड', म्हणजे ठाम आणि तत्त्वनिष्ठ. मॅडमच्या कार्डावर लिहिलं 'अवर ओन फाइस्टी मॅडम'. मला ते खूप गोड वाटलं होतं. शेवटी एक हसरा चेहराही काढला होता.

मजकूर छापायला जाण्याआधी दोन्ही कागद टेबलावर होते. मॅडमनी दोन्ही वाचले. त्या रागावल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "काय गं, सर भांडले की ते तत्त्व, आणि मी भांडले की फाइस्टी?"

मला उत्तर देता आलं नाही. मॅडम पाच फुटांच्या, बारीक चणीच्या होत्या. पण रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलींना घरापर्यंत सोडायला ऑफिसची गाडी मिळावी म्हणून अकरा महिने अर्ज करणाऱ्या, मीटिंगमध्ये उभ्या राहणाऱ्या त्याच होत्या. त्या गाडीने मी रोज घरी जात होते. आणि माझ्या शब्दाने त्या अकरा महिन्यांचं टायरमागे धावणं करून टाकलं होतं.

त्यानंतर मी इंग्रजी बातम्या वेगळ्या नजरेने वाचायला लागले. तुम्हीही आठवडाभर लक्ष ठेवून बघा. फाइस्टी कोणाला म्हणतात? नायिकेला, महिला नेत्याला, आजीबाईंना, छोट्या राज्यातून आलेल्या खेळाडू मुलीला. पुरुष मंत्र्याला फार क्वचित. तो 'अग्रेसिव्ह' असतो, 'डिसायसिव्ह' असतो. तो हरला तरी फाइस्टी होत नाही. आपल्या ओटीटी मालिकांची दोन ओळींची इंग्रजी ओळख वाचा. नायिका शहराची असो की गावची, ती फाइस्टी. लेखकाला तिच्याबद्दल दुसरं काही सुचलेलं नसतं, असा मला आता संशय येतो.

फाइस्टीची एक बहीण आहे, 'स्पंकी'. स्पंक म्हणजे मुळात ठिणगी, पेट घेणारं भुसभुशीत लाकूड. १९७० साली सुरू झालेल्या 'द मेरी टायलर मूर शो' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. नोकरीच्या मुलाखतीत साहेब नायिकेला सांगतो की तुझ्यात स्पंक आहे. ती लाजून खूश होते. आणि पुढच्याच क्षणी तो सांगतो की मला ते मुळीच आवडत नाही. (स्पंक हा शब्द ब्रिटनमध्ये वापरताना मात्र जपून, तिथे त्याचा एक अश्लील अर्थही आहे. 'स्पंकी'ला तेवढा धोका नाही, पण नुसता 'स्पंक' टाळाच.)

इंग्रजीला नावं ठेवताना आपलं ताट झाकून चालणार नाही. मराठीत काय आहे? तडफदार, करारी, बाणेदार हे शब्द ऐकले की डोळ्यासमोर कोण येतं? फेटा, मिशी, निदान कडक इस्त्रीचा सदरा. आणि फटकळ, तोंडाळ, कजाग ऐकले की? 'कजाग पुरुष' असं मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. कौतुक करायचं झालं तर बाईला आपण 'लवंगी मिरची' म्हणतो, म्हणजे पुन्हा आकार लहान आणि काम जिभेचं. किंवा एकदम 'रणरागिणी', तीही बहुतेक मोर्चाच्या बातमीत. मधलं काही नाही.

नाही कसं, एक शब्द आहे, आणि फाइस्टीच्या भाषांतरासाठी माझं मत त्यालाच: खमकी. खमका आणि खमकी, दोन्ही चालतात आणि दोन्हींत मान आहे. 'सून खमकी आहे, दुकान तिने सांभाळलं,' असं म्हणताना कोणी हसत नाही. मात्र खमकीत लहानपणाचा भाव नाही. तो 'चुणचुणीत'मध्ये आहे, पण चुणचुणीत मूल भांडत नाही, ते पाहुण्यांना कविता म्हणून दाखवतं. 'भांडकुदळ'मध्ये भांडण आहे, कौतुक नाही. 'ठसकेबाज'मध्ये तोरा जास्त. म्हणून फाइस्टीचं भाषांतर करताना एका शब्दाचा हट्ट सोडावा. 'एवढीशी, पण खमकी' म्हटलं की काम होतं. शब्दकोशात 'उत्साही' लिहिलेलं असतं, ते मात्र विसरा. सुट्टी लागल्यावर सगळेच उत्साही असतात. फाइस्टी व्हायला समोर कोणीतरी अडवणारं लागतं.

तर मग वापरायचा की नाही? वापरा की. मैत्रिणीच्या वाढदिवसाला, भाचीच्या फोटोखाली, आजोबांच्या पंच्याहत्तरीला खुशाल वापरा. 'माय फाइस्टी ग्रँडमदर' यात प्रेम आहे, आणि आजीचं माप घेण्याचा नातवाला हक्क आहे. पण शिफारसपत्र, नोकरीचा अर्ज, कामाचं वार्षिक मूल्यमापन, लग्नाचा बायोडेटा, इथे नको. शिफारसपत्रात एखाद्या मुलीला फाइस्टी लिहिलंत, तर वाचणारा 'धाडसी' वाचेल की 'हिला सांभाळणं अवघड' असं वाचेल, हे तुमच्या हातात राहत नाही. तिथे विशेषणाऐवजी केलेलं काम लिहावं. बायोडेटात 'फाइस्टी येट होमली' असंही एकदा वाचलं आहे. त्यावर मी काही बोलत नाही.

व्याकरणाला फार जागा देत नाही. नामाच्या आधीही येतो, क्रियापदानंतरही: 'अ फाइस्टी चाइल्ड', 'शी इज क्वाइट फाइस्टी'. तुलना करताना फाइस्टिअर, फाइस्टिएस्ट. नाम हवं असेल तर फाइस्टिनेस. 'फायरी'शी गल्लत करू नका. फायरी म्हणजे आगीसारखा तापट, त्याला आकाराची अट नाही, कर्नल साहेब फायरी असू शकतात. 'बोल्ड' हा खरा जवळचा शब्द होता, पण आपल्याकडच्या सिनेमाच्या बातम्यांनी त्याचा अर्थ कपड्यांवर आणून ठेवला, त्यामुळे तो प्रगतिपुस्तकात लिहायला कोणी शिक्षिका धजावणार नाही.

मॅडमचं कार्ड मी त्या संध्याकाळी पुन्हा लिहिलं. हसरा चेहरा काढून टाकला. इंग्रजीतच लिहिलं, त्याचा अर्थ असा: अकरा महिने मॅडमनी पाठपुरावा केला, म्हणून आम्ही रात्री सुखरूप घरी पोचतो. एकही विशेषण उरलं नाही. मॅडमनी वाचलं आणि 'पाठपुरावा'च्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करून परत दिलं.

इंदूरच्या आजोबांना मी जे चार ओळींत लिहिलं ते हे: शेरा बहुतेक कौतुकाचाच आहे, पेढे आणायला हरकत नाही. पण पालकसभेत शब्दाचा अर्थ विचारू नका, प्रसंग विचारा. 'चांगलं की वाईट' असं विचारलं की शिक्षिका 'चांगलंच हो' म्हणून मोकळ्या होतील. तिने नेमकं काय केलं, ते विचारा. इंग्रजीत विचारायचं तर 'कुड यू टेल अस व्हॉट शी डिड?' एवढं पुरे.

रविवारी त्यांचा दुसरा मेल आला, पहिल्यापेक्षा लांब. खेळाच्या तासाला तिसरी आणि चौथी मैदानावर एकत्र असतात. चेंडू एकच. चौथीची मुलं तो अर्धा तास झाला तरी सोडत नव्हती, तिसरीचा नंबर येऊन गेला तरी. हिने दोनदा मागितला. मग चेंडू घरंगळत बाजूला आल्यावर ती सरळ जाऊन त्यावर बसली. चौथीची मुलं ओरडली, एकाने ओढून पाहिलं. ती उठली नाही. बाई आल्या तेव्हा तिने फक्त सांगितलं की आमचा टर्न आहे. बाईंनी घड्याळ बघितलं, चेंडू तिसरीला दिला, आणि मग ती उठली.

बाबा सभेतून परत येताना गप्प होते म्हणे. घराच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी मिठाईच्या दुकानाकडे वळवली. आजी अजूनही म्हणतात की डब्याचाच संबंध आहे, पोळी-भाजी संपवते म्हणून अंगात एवढा जोर.

मी उत्तरात विचारलं, नातीचं वजन किती?

काकांनी लगेच कळवलं. वीस किलो, दप्तरासकट पंचवीस.